दुर्मीळ मेंदू-रक्तवाहिनी विकारांच्या मार्गदर्शिकेसाठी तज्ज्ञ कसे निवडावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ विकारांवर मोठ्या चाचण्यांचा पुरावा जवळजवळ नाही, म्हणून जाणकार डॉक्टरांचे मंडळ नेमून डेल्फी पद्धतीने, म्हणजे सदस्यांची निनावी मते अनेक फेऱ्यांत घेऊन आणि प्रत्येक फेरीनंतर गटाची उत्तरे त्यांना दाखवून, सहमती-मार्गदर्शिका तयार करायची आहे, तर या मंडळावर कोणाला घ्यावे, किती जणांना घ्यावे आणि त्यांना कसे बोलवावे. अशा मंडळांच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि माझे पहिले सांगणे हे की नावांची यादी इतक्यात करू नका. ज्या प्रश्नांवर जाणती माणसे खरोखर एकमेकांशी असहमत आहेत, ते प्रश्न आधी कागदावर उतरवा. प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजू कोण मांडतो याचा शोध घेतला की मंडळाची निम्मी यादी आपोआप तयार होते, आणि ती ओळखीपाळखीतून जमवलेल्या यादीपेक्षा पुष्कळ वेगळी निघते.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो, ते एका विकाराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आनुवंशिक रक्तस्रावी टेलँजिएक्टेशिया, म्हणजे एचएचटी, हा साधारण 5,000 व्यक्तींमागे एकाला होणारा आनुवंशिक विकार आहे. वारंवार नाकातून रक्त येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण. परंतु सुमारे 10 टक्के रुग्णांच्या मेंदूतही रक्तवाहिन्यांची विकृती असते, आणि तिच्यातील काही म्हणजे धमनी आणि शिरा थेट जोडल्या गेल्याने होणारी धमनी-शिरा विकृती, जिला आपण एव्हीएम म्हणतो. कोणतेही लक्षण नसलेल्या एचएचटी रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय करून अशी विकृती शोधावी की नाही, हा कळीचा प्रश्न आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अशी तपासणी करावी असे सांगितले. 2020 साली आलेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने लक्षणे नसलेल्या मुलांसाठी ती शिफारस पुन्हा केली. त्याच 2020 साली दुर्मीळ रक्तवाहिनी विकारांसाठीच्या ‘व्हॅस्कर्न’ या युरोपीय संदर्भ-जाळ्याच्या एचएचटी गटाने आपले निवेदन प्रसिद्ध केले. त्यात म्हटले होते की न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार करण्याच्या बाजूने सध्याचा पुरावा नाही, त्यामुळे लक्षणे नसलेल्या रुग्णांची सरसकट तपासणी त्या पुराव्यावर उभी करता येत नाही. मात्र प्रत्येक रुग्णाला या विषयावर जाणकाराशी समजून-उमजून बोलण्याची संधी मिळाली पाहिजे.

एकच विकार, एकच वर्ष, वाचलेले शोधनिबंधही बव्हंशी तेच, आणि तरीही दोन प्रामाणिक गट दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचले. यात कोणी चूक केली असे मला वाटत नाही. पुरावा विरळ असतो तेव्हा मधली पोकळी मंडळावरील माणसांचा अनुभव, त्यांच्या देशातील आरोग्यव्यवस्था आणि धोक्याकडे पाहण्याची त्यांची रीत भरून काढते. म्हणून दुर्मीळ विकारांच्या बाबतीत तज्ज्ञांची निवड ही कामाआधीची कारकुनी तयारी समजू नये. अंतिम शिफारशीचा आशय तिथेच मोठ्या प्रमाणात ठरून जातो.

विषयाची व्याप्तीही याच टप्प्यावर ठरवा. ‘दुर्मीळ मेंदू-रक्तवाहिनी विकार’ हे शीर्षक मार्गदर्शिकेसाठी फार रुंद आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाणारा मोयामोया, मेंदूतील रक्तवाहिन्यांचा प्राथमिक दाह, नवजात बालकांमधील गॅलेन शिरेची (मेंदूतील एका मोठ्या शिरेची) विकृती आणि नॉच-3 जनुकातील दोषामुळे होणारा, मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा कॅडासिल हा विकार हे सारे त्या शीर्षकाखाली बसतात खरे, पण या चौघांविषयी अधिकाराने बोलणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटलेली नाही. सगळ्यांसाठी एकच मंडळ नेमले, तर प्रत्येक विधानावर मत देणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या विधानापुरते सामान्य डॉक्टर ठरतात आणि सहमतीचा आकडा फुगतो, कारण ज्याला विषय माहीत नाही तो सहसा बहुमताच्या बाजूने झुकतो. युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने 2020 साली सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या एकजनुकीय विकारांवर सहमती प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक विकार एकत्र घेतले होते, हे खरे. पण ते विकार कारणाने आणि निदानपद्धतीने एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. तेवढी जवळीक नसेल तर विषय वेगवेगळे करा, किंवा एका सुकाणू समितीखाली वेगवेगळे गट नेमा आणि ‘हा प्रश्न माझ्या अनुभवाबाहेरचा आहे’ असे उत्तर देण्याची सोय प्रत्येक विधानापुढे ठेवा.

आता तज्ज्ञ म्हणजे कोण, याकडे वळू. बहुतेक जण शोधनिबंधांची संख्या पाहतात, कारण ती मोजायला सोपी असते. तो एक निकष जरूर ठेवा, परंतु एकमेव ठेवू नका. गेल्या काही वर्षांत त्या विकाराचे किती रुग्ण या व्यक्तीने स्वतः पाहिले, उपचारानंतर किती काळ त्यांचा पाठपुरावा केला, ती व्यक्ती एखाद्या रुग्ण-नोंदवहीत भर घालते का, दुसऱ्या रुग्णालयांतून तिच्याकडे अवघड रुग्ण पाठवले जातात का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. न लिहिणारे पण रोज पाहणारे डॉक्टर जगभर आहेत आणि शोधनिबंधांच्या यादीतून ते कधीच सापडत नाहीत. त्यांना शोधण्यासाठी रुग्णसंघटनांना विचारावे लागते. रुग्ण कोणाकडे जातात हे रुग्णांना पक्के माहीत असते.

विद्याशाखांचा समतोल हा सर्वांत नाजूक भाग आहे. एचएचटीतील मेंदूच्या प्रश्नासाठी मी न्यूरोसर्जन, कॅथेटरने उपचार करणारा इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट, किरणोपचार करणारा, पक्षाघातात काम करणारा न्यूरोलॉजिस्ट, बालमेंदूतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ, फुप्फुसविकारतज्ज्ञ, गरोदरपणाच्या प्रश्नांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ एवढे तरी बोलावीन. शेवटचे नाव पाहून काहींना नवल वाटते, पण नाकातून रक्त येणारा रुग्ण पहिल्यांदा त्याच्याच दारात उभा राहतो आणि पुढची तपासणी सुचवायची की नाही हे प्रत्यक्षात तोच ठरवतो. तज्ज्ञ-मंडळांच्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे की एखादी प्रक्रिया करणारे डॉक्टर ती प्रक्रिया न करणाऱ्यांपेक्षा तिला अधिक वेळा ‘योग्य’ ठरवतात. म्हणून प्रक्रिया करणाऱ्यांचे बहुमत होणार नाही असे पाहावे. तरीही यावरून माणसांविषयी आधीच अनुमान बांधू नये. व्हॅस्कर्नच्या निवेदनात शस्त्रक्रिया आणि कॅथेटर-उपचार करणाऱ्या सहकाऱ्यांच्या स्पष्ट मार्गदर्शनाचा उल्लेख आहे, आणि निष्कर्ष मात्र सरसकट तपासणीच्या विरोधात गेला. उपचाराचे धोके ज्यांनी हाताने अनुभवले आहेत ते कधीकधी सर्वांत जास्त सावध असतात.

न फुटलेल्या एव्हीएमवरील अरुबा चाचणीची आठवण इथे अपरिहार्य आहे. केवळ औषधोपचार आणि औषधोपचारासोबत हस्तक्षेप (शस्त्रक्रिया, कॅथेटर-उपचार किंवा किरणोपचार) अशी तुलना करणारी ही चाचणी 2013 मध्ये रुग्ण घेणे मध्येच थांबवून बंद केली गेली आणि 2014 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 223 रुग्णांच्या विश्लेषणात पक्षाघात किंवा मृत्यू केवळ औषधोपचाराच्या गटात 10.1 टक्के तर हस्तक्षेपाच्या गटात 30.7 टक्के होता. सरासरी पाठपुरावा मात्र 33 महिन्यांचाच होता, आणि ज्या विकृतीचा धोका आयुष्यभर टिकतो तिच्यासाठी एवढा काळ पुरेसा आहे का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. आपल्या मंडळावर या चाचणीला निर्णायक मानणारे आणि तिच्या मर्यादांवर बोट ठेवणारे, दोघेही हवेत. एकाच बाजूचे पंचवीस जण जमवले तर पहिल्याच फेरीत 95 टक्के सहमती मिळेल, आणि बाहेरचे अर्धे जग ती मार्गदर्शिका उघडूनही पाहणार नाही.

पुढचा धोका गुरु-शिष्य परंपरेचा आहे. दुर्मीळ विकारांत ज्ञान मोजक्या केंद्रांतून पसरते. गॅलेन शिरेच्या विकृतीसाठी वापरला जाणारा 21 गुणांचा नवजात मूल्यांकन-तक्ता पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील लासजोनियास यांच्या गटातून आला. 8 पेक्षा कमी गुण असतील तर उपचार करू नयेत, 8 ते 12 असतील तर तातडीने करावेत आणि 12 पेक्षा अधिक असतील तर बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत थांबावे, अशी त्याची मांडणी आहे. अशा तक्त्याच्या फेरविचारासाठी मंडळ नेमताना त्याच परंपरेत शिकलेली माणसे एकमेकांची नावे सुचवत गेली, तर यादी लांबते पण मते वाढत नाहीत. म्हणून सुचवलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोणी सुचवले, त्या व्यक्तीचे प्रशिक्षण कुठे झाले आणि तिने यादीतील कोणाबरोबर लेखन केले आहे, एवढी नोंद ठेवा. एका केंद्रातून एक, फार तर वेगळ्या शाखांचे दोन, ही मर्यादा मी कटाक्षाने पाळतो. ज्येष्ठांबरोबर मधल्या पिढीतील डॉक्टरही घ्यावेत. मार्गदर्शिका पुढची दहा वर्षे तेच वापरणार असतात आणि फेऱ्यांची उत्तरेही तेच वेळेवर देतात.

संख्येविषयी नेमके सांगतो. रँड ही अमेरिकन संशोधन संस्था आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या, एखादा उपचार कितपत योग्य हे गुण देऊन ठरवणाऱ्या योग्यता-पद्धतीत मंडळ साधारण 9 जणांचे असते, 1 ते 9 असे गुण दिले जातात, आणि तीन किंवा अधिक जण 1-3 मध्ये व तीन किंवा अधिक जण 7-9 मध्ये असतील तर मतभेद मानला जातो. प्रत्यक्ष भेटून चर्चा करायची असेल तर ही रचना उत्तम. दूरस्थ डेल्फीसाठी 25 ते 35 प्रत्यक्ष सहभागी मला योग्य वाटतात. यापेक्षा लहान मंडळात टक्केवारी फसवी ठरते: बारा जणांत 80 टक्के म्हणजे दहा जण, तेव्हा केवळ तिघांची अनुपस्थिती किंवा नाराजी विधान पाडू शकते. सहमतीचा उंबरठा किती असावा याला एकच उत्तर नाही. 98 डेल्फी अभ्यासांच्या 2014 मधील आढाव्यात टक्केवारीच्या निकषांचा मध्यक 75 होता. मी 80 निवडतो. आकडा कोणताही घ्या, पण पहिले निमंत्रण जाण्यापूर्वी तो लेखी जाहीर करा, कारण निकाल पाहून उंबरठा हलवला असा संशय एकदा आला की त्या कामाची पत पुन्हा मिळत नाही.

निमंत्रण-पत्र एका पानाचे असावे, आणि ते वाचून त्या व्यक्तीला होकार की नकार हे त्याच बैठकीत ठरवता आले पाहिजे. विकार कोणता, प्रश्न कोणते, फेऱ्या किती, प्रत्येक फेरीला अंदाजे किती तास, अंतिम तारीख कोणती, पैसा कोणाकडून येतो, लेखकांत नाव येण्यासाठी काय करावे लागेल, आणि उत्तरे इतर सहभागींपासून निनावी राहतील की नाही, हे सगळे त्यात हवे. व्यक्तीला का निवडले याचे एक खरे, विशिष्ट वाक्यही हवे. ‘आपल्या क्षेत्रातील मान्यवर’ अशा ठोकळेबाज मजकुरापेक्षा ‘आपण न फुटलेल्या विकृतींचा दीर्घ पाठपुरावा केला आहे आणि हस्तक्षेपाविषयी आपली मते सावध आहेत, ती आम्हाला हवी आहेत’ हे वाक्य कितीतरी अधिक होकार आणते. पत्र सचिवालयाच्या पत्त्यावरून न जाता सुकाणू समितीतील त्याच शाखेच्या सदस्याने स्वतः पाठवावे. जे नकार देतात त्यांना कारण विचारा. वेळ नाही हे एक कारण झाले, पण ‘निष्कर्ष आधीच ठरलेला दिसतो’ असे तिघांनी कळवले तर पुढे जाण्याआधी प्रश्नांची मांडणी बदला.

हितसंबंधांबाबत दुर्मीळ विकारांत सोवळे पाळणे शक्य नसते. ज्यांनी औषधाच्या चाचण्या केल्या, उपकरणे वापरून पाहिली, तेच जाणकार असतात. त्या सगळ्यांना वगळले तर खोली रिकामी होईल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये दिलेले तत्त्व व्यवहार्य आहे: हितसंबंध असलेले सदस्य अल्पमतात असावेत आणि अध्यक्ष त्यांपासून मुक्त असावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा मागील 36 महिन्यांचे संबंध विचारणारा नमुना प्रत्येकाकडून भरून घ्या, आणि ज्या विधानाशी थेट संबंध आहे तेवढ्यापुरते त्या व्यक्तीला मतदानातून बाजूला ठेवा. तिची माहिती चर्चेत जरूर ऐका. पैशाइतकाच बौद्धिक हितसंबंधही मोजा. स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया, वर्गीकरण किंवा गुण-तक्ता ज्याने घडवला आहे, त्याला त्यावरील विधानाचे परीक्षक करणे त्याच्यावरही अन्यायकारक आहे.

रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय मंडळावर असावेत की नाही हा प्रश्न माझ्या लेखी आता उरलेला नाही. एचएचटीच्या दुसऱ्या मार्गदर्शिकेत रुग्ण-प्रतिनिधी सहभागी होते, आणि मेंदूतील कॅव्हर्नस विकृतींवरील (फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यांवरील) 2017 ची मार्गदर्शिका तर अँजिओमा अलायन्स या रुग्णसंघटनेच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाच्या पुढाकाराने झाली. लक्षणे नसताना एमआरआय करावा का, या प्रश्नात वैद्यकीय भाग जेवढा आहे, तेवढाच ‘डोक्यात काहीतरी आहे’ हे माहीत असून जगण्याचाही भाग आहे. नोकरी, विमा, बाळंतपण, मुलांची तपासणी हे सारे त्याला जोडलेले असते आणि त्यावरचे तज्ज्ञ रुग्णच आहेत. मात्र एकाच रुग्णाला शोभेपुरते बसवू नका. दोन-तीन जण घ्या: ज्याला रक्तस्राव झाला तो, ज्याची विकृती सापडली पण काही झाले नाही तो, आणि शक्य असल्यास आजारी मुलाची आई किंवा वडील. त्यांना शास्त्रीय संज्ञांची तोंडओळख आधी करून द्या, वेळेचा मोबदला द्या आणि मतदानाचा पूर्ण अधिकार द्या.

भूगोलाचा विचार अनेकदा शेवटी आठवतो आणि मग घाईने एखाद-दुसरे नाव जोडले जाते. मोयामोयाचे उदाहरण घ्या. त्याचा सर्वाधिक अनुभव जपान आणि कोरियात आहे, तेथील रुग्णांत आढळणारा आरएनएफ-213 जनुकातील बदल इतरत्र तितका आढळत नाही, आणि रक्तस्राव झालेल्या प्रौढांत मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठीच्या बायपास शस्त्रक्रियेचा पुरावा देणारी 2014 ची जपानी चाचणी 80 रुग्णांची आहे. तेव्हा जपानी अनुभव मध्यवर्ती हवाच, पण सिकलसेलमुळे तसाच रक्तवाहिनी-विकार होणारी मुले पाहणारे डॉक्टर नसतील तर शिफारस अपुरी राहील. विदर्भात आणि मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा मुद्दा मला विशेष जवळचा वाटतो. भारताच्या 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. तशा केंद्रातील तज्ज्ञाबरोबरच नांदेड किंवा गडचिरोलीसारख्या ठिकाणी रुग्णाला पहिल्यांदा पाहणारा एखादा फिजिशियन घेतला, तर ‘चोवीस तासांत अँजिओग्राफी करावी’ अशा विधानापुढे तो ‘आणि कॅथलॅब (अँजिओग्राफीची सोय असलेला कक्ष) नसेल तर?’ हे विचारतो, आणि त्या एका प्रश्नाने शिफारस वापरण्याजोगी होते.

माणसे मिळवण्याइतकेच त्यांना टिकवणे अवघड असते. तीन फेऱ्यांपेक्षा अधिक नकोत. पहिल्या फेरीत चाळीसच्या वर विधाने नकोत. दोन फेऱ्यांतील अंतर काही आठवड्यांचेच असावे, नाहीतर माणसे संदर्भ विसरतात. प्रत्येक फेरीनंतर सहभागीला त्याचे स्वतःचे उत्तर, गटाच्या उत्तरांचा विस्तार आणि विरोधी मत देणाऱ्यांची कारणे, तिन्ही दाखवा. ही कारणे दिली नाहीत तर दुसरी फेरी म्हणजे केवळ बहुमताकडे सरकण्याचे निमंत्रण ठरते.

गळतीकडे मी फार बारकाईने पाहतो, आणि आपणही पाहावे अशी विनंती आहे. समजा तीस जणांपैकी वीस जण एका विधानाच्या बाजूने आणि दहा जण विरोधात आहेत. ही 67 टक्के सहमती झाली, म्हणजे 80 च्या उंबरठ्याखाली. दुसऱ्या फेरीत विरोधकांपैकी सहा जणांनी कंटाळून उत्तरच दिले नाही, तर चोवीसपैकी वीस, म्हणजे 83 टक्के होतात. एकाही माणसाचे मत बदललेले नसताना विधान मंजूर झालेले असते. यासाठी प्रत्येक फेरीनंतर उत्तर न दिलेल्यांची आधीची मते तपासा, ती राहिलेल्यांपेक्षा वेगळी असतील तर त्यांना समन्वयकाने स्वतः फोन करावा, आणि तरीही ते परतले नाहीत तर ही गोष्ट अहवालात आकड्यांसह लिहावी.

अहवालाच्या लेखनासाठी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅकॉर्ड’ ही 35 बाबींची सूची वापरा, आणि ती काम संपल्यावर न उघडता आराखडा करतानाच समोर ठेवा, कारण तिच्यातील काही माहिती नंतर जमवता येत नाही. किती जणांना बोलावले, किती आले, किती का आले नाहीत, कोणत्या शाखेचे आणि कोणत्या देशांतले किती, कोणी कोणत्या विधानापासून दूर राहिले, हे वाचकाला दिसले पाहिजे. ज्या विधानांवर सहमती झाली नाही ती गाळू नका. दोन्ही बाजूंच्या कारणांसह त्यांना स्वतंत्र जागा द्या. पुढच्या चाचणीचा किंवा नोंदवहीचा प्रश्न तिथूनच निघतो, आणि मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी कोणाला बोलवायचे, हेही त्याच पानांवरून ठरवता येते.